डबल बेल

सूर्य डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही, हा माझा रोजचा नेम. लग्नाच्या आधीपासूनचा. पहाटे उठते, अंघोळ करते, दिवा लावते, नाम घेते ते मनातल्या मनात. समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागून सूर्य वर आला की देवाचं नाव मोठ्यानं घेते. दिवसाचा पहिला शब्द त्याचा. त्यानंतर चहा कुणी उतू घालवला हे विचारायला मी मोकळी. एकदा आभाळ असं दाटून आलं की सूर्य दिसेचना. संध्याकाळी ढगाच्या फटीतून घटकाभर दिसला तेव्हा कुठे मी बोलले. आमचे हे त्या दिवसाला अजून "माझी सुट्टी" म्हणतात.

मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम करते. छापून आलेले मोठे कागद, म्हणजे फर्मे, दुमडायचे, शिवायचे, पाठीला सरस लावायचा. सकाळच्या पाळीत सगळ्याच बायका अर्धवट झोपेत असतात, त्यामुळे माझ्या गप्प राहण्याचं कुणाला काही वाटत नाही. नेम कधी कुणाच्या आड आला नव्हता. आला तो सायकलवर.

आमच्याकडे जोडसायकल आहे. म्हणजे एकच लांब सायकल, पुढे एक सीट, मागे एक, दोघांनी मिळून पायडल मारायचं. ह्यांनी ती आपल्या वर्कशॉपमध्ये दोन जुन्या सायकली कापून, जोडून केली. पुढे मी बसते, कारण ह्यांना रस्ता बघण्यापेक्षा डोंगर बघण्यात रस. पहाटे निघालो की मी बोलत नाही, म्हणून ह्यांनी हँडलला घंटी बसवली. एकदा वाजली की पुढे खड्डा, दोनदा वाजली की पाय थांबवायचे. उतारावर वेग आवरायला मागच्या हँडलला एक तिसरा ब्रेक दिला. तो मागच्याच्या हातात. असं आम्ही दरवर्षी "मोठी खिंड" करतो.

मोठी खिंड म्हणजे एका दिवसाची सायकलफेरी. नदीकाठच्या आमच्या गावातून पहाटे निघायचं, दरीतून नदीच्या उलट वर चढत बोगदा पार करायचा, खिंड गाठायची आणि पलीकडे तळ्यापर्यंत उतरायचं. तळ्यावर चारला भोंगा होतो. भोंग्यानंतर आलेल्याला पोचला असं धरत नाहीत. सगळ्यांच्या मागून एक मिनीबस येते, थकलेल्यांना आणि मागे पडलेल्यांना उचलत. तिला सगळे झाडूगाडी म्हणतात.

यंदा ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मागची सीट रिकामी पडली.

आमच्या मागच्या खोलीत माझ्या नणंदबाई राहतात. ह्यांच्या थोरल्या बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते. वन्सं बस चालवायच्या. खिंडीतून तळ्याच्या गावी जाणारी बस, वर्षानुवर्षं तीच. मग नजर जायला लागली. आधी कडा गेल्या, मग मधलं. इतरांना कळायच्या आधी त्यांचं त्यांना कळलं. एका थांब्यावर दारातून चढणारी म्हातारी आरशात दिसली नाही. ती फेरी त्यांनी जपून पुरी केली, बस डेपोत लावली, चावी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि चालत घरी आल्या. आता उजेड आणि अंधार तेवढा समजतो. त्या खोलीबाहेर पडेनाशा झाल्या होत्या. रेडिओ ऐकायच्या आणि रेडिओवर बोलणाऱ्यांशी भांडायच्या.

डेपोचे साहेब एकदा घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "नवे ड्रायव्हर घाटात घालायचे तर शेजारी कुणीतरी जाणतं लागतं. तुम्ही शेजारी बसा. ऐका आणि सांगा. एवढंच काम."

"आंधळीनं गाडी शिकवायची?" वन्सं म्हणाल्या. "मग मुक्याला चौकशीच्या खिडकीत बसवा."

"मी दया म्हणून बोलत नाहीये, बाई."

"दया म्हणून बोलणारे सगळे हेच म्हणतात. वहिनी, साहेबांचा चहा झाला का बघ. त्यांना उशीर होतोय."

साहेब उठले. जाताना दारात मला म्हणाले की या सोमवारपासून नवी तुकडी येतेय, तोवर त्यांचं मन वळलं तर बघा.

मी काय मन वळवणार? मी दिव्यापुढे बसले की रोज त्यांच्यासाठी मागत होते, एवढंच. ह्यांची रीत वेगळी. सोफ्यावर पाय लांब करून, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून ह्यांनी बहिणीला हाक मारली.

"ताई, रविवारी खिंडीला माझ्या जागी तू बस. मागे बसायला डोळे लागत नाहीत, पाय लागतात."

"छोट्या, मी जन्मात कुणाच्या मागे बसले नाही." हे चांगले धिप्पाड आहेत, पण बहिणीला छोट्याच.

"भ्यालीस तर तसं सांग."

"कोण भ्यालं?"

"मग पैज. भोंग्याच्या आधी तळ्यावर पोचलात तर सोमवारी डेपोत जायचं."

"आणि झाडूगाडीनं उचललं तर?"

"तर मी जन्मात पुन्हा डेपोचं नाव काढणार नाही."

वन्संनी मांडीवर थाप मारली. "कबूल," म्हणाल्या.

मी तिथंच उशांना अभ्रे घालत होते. मला कुणी काही विचारलं नाही. पैज दोघा भावंडांची आणि पाय माझे! पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वन्संना ही पैज हरायची होती. एकदा हरलं की डेपोचा विषय कायमचा मिटणार होता. फक्त त्यांच्या स्वभावात एक खोट आहे, त्यांना मुद्दाम हरता येत नाही.

सरावाच्या पहिल्याच दिवशी आपटलो. पहाटेची वेळ, मी अर्थातच गप्प. चौकात फुलवाल्याच्या दुकानासमोर आडवा टेम्पो आला. मी दोनदा घंटी वाजवली. दोनदा म्हणजे पाय थांबवा, हे घरी तीन वेळा घोकून घेतलं होतं. वन्संनी मागून असा काही जोर लावला की आम्ही टेम्पोच्या चाकाला जाऊन भिडलो आणि पाण्याच्या बादल्यांत पडलो. फुलवाला ओरडतोय, वन्सं बादलीत हात घालून बसल्यात, आणि मला "लागलं का हो?" एवढंही विचारता येत नाही.

"दोनदा का वाजवलीस?" वन्सं ओरडल्या. "डबल बेल म्हणजे चल! कंडक्टरनं डबल बेल दिली की गाडी निघते. सिंगल बेल म्हणजे थांब. बावीस वर्षं पाय तेच ऐकतोय. तुझ्या नवऱ्यानं कुठल्या शहाणपणात उलटं केलंय?"

हसू आलं तर ते नेमात बसतं की नाही, हे मला अजून माहीत नाही. मी हसले. वन्संनी ते ऐकलं आणि त्याही हसल्या. फुलवाल्यानं आम्हाला वेड्यात काढलं असणार.

त्या दिवसापासून बसचा कायदा लागू झाला. सिंगल म्हणजे थांब, डबल म्हणजे चल. दुसरी अडचण मात्र घंटीनं सुटण्यासारखी नव्हती. प्रत्येक वळणावर वन्सं माझ्या उलट्या बाजूला कलायच्या आणि उजव्या पायानं नसलेला ब्रेक दाबायच्या. त्यांचा पाय थांबला की माझाही थांबणार, कारण दोन्ही पायडल एकाच साखळीनं बांधलेली. माझं नाम एकेका पायडलला चालतं, तेही मध्येच तुटायचं.

"वन्सं, गाडी मी चालवतेय," सूर्य वर आल्यावर मी म्हणायची.

"तेच तर," त्या म्हणायच्या.

रविवारी पहाटे नदीच्या पुलावरून निघालो. काळोखात कितीतरी लाल दिवे पुढे पुढे जात पातळ होत गेले. आम्ही मागे राहणार हे ठरलेलंच होतं. ह्यांनी सांगितलं होतं की मी भोंग्याच्या आत मित्राच्या गाडीनं तळ्यावर येऊन थांबतो. निघताना वन्संच्या हेल्मेटचा पट्टा बांधत म्हणाले, "ताई, मागे बसून झोपू नकोस."

आता माझी चूक सांगते. सराव आम्ही सगळा सपाट रस्त्यावर केला होता. तिथं सूर्य वेळेवर उगवतो. ह्यांच्याबरोबर खिंड करायची तेव्हाही मी दरीत बराच वेळ गप्प असायची, पण ह्यांना डोंगर दिसत असायचा, मला बोलायची गरजच पडायची नाही. दरीत सकाळ होते पण सूर्य निघत नाही, तो उंच कड्यामागे अडकून राहतो, हे मला माहीत होतं. मागे बसणाऱ्याला तेव्हा काय होईल, याचा विचार मी केलाच नाही.

दरीत शिरलो. उजाडलं. खाली नदी घोंघावत होती, त्यामुळे दुसरा आवाज नाही. बरेच सायकलवाले केव्हाच पुढे गेले होते, काही दमून मागे बसले होते. चढ लागला. वन्संनी दोनतीनदा विचारलं, "कुठवर आलो?" मी काय सांगणार? थोड्या वेळानं त्यांनी विचारणं सोडलं. मग त्यांचे पाय जड झाले. पायडल फिरत होतं, पण ते मी फिरवत होते. मागे जणू पोतं ठेवलेलं.

"मला एक कळत नाही वहिनी," त्या बऱ्याच वेळानं म्हणाल्या. आवाज बारीक होता. "माझा काय उपयोग? उजेड कळतोय, पाण्याचा आवाज कळतोय. आपण चाललोय की जागच्या जागी पाय हलवतोय, तेसुद्धा कळत नाही. थांबू या. झाडूगाडी येईल मागून."

मी सायकल थांबवली. रस्त्याच्या कडेच्या कठड्याला टेकवली. वळून पाहिलं तर वन्संचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं असं झालं होतं. रेडिओशी भांडणारी बाई कुठे गेली कुणास ठाऊक.

मनात म्हटलं, देवा, हा नेम मी तुझ्यासाठी धरलाय. त्याचा काच दुसऱ्याला होत असेल तर तुला तरी तो गोड लागेल का? मी त्यांचा हात हातात घेतला आणि बोलायला तोंड उघडलं.

श्वास घेतलेला त्यांना ऐकू आला असावा. त्यांनी चटकन माझ्या तोंडावर हातमोजा दाबला.

"खबरदार! माझ्यासाठी मोडायचा नाही. माझा देवावर विश्वास नाही, पण तुझ्यावर आहे. इतकी वर्षं रोज सकाळी आपल्या घरात एक बाई गप्प असते, त्यावर मी घड्याळ लावते." त्यांनी हात काढला. मग म्हणाल्या, "घंटी आहे ना? मी विचारते. हो असेल तर डबल, नाही असेल तर सिंगल. डाव्या हाताला दगडी भिंत आहे का? मधोमध पाणी पाझरणारी?"

होती. मी हँडलपाशी जाऊन दोनदा घंटी वाजवली.

"तरीच गार लागतंय. म्हणजे जुनं टोलनाकं मागे पडलं. ते अजून उभं आहे?"

सिंगल.

"पाडलं वाटतं. बरं झालं, तिथला माणूस फार खवट होता. आता दोन वळणं उजवीकडे, मग लोखंडी पूल. पुलाआधी चढ मोडतो, तिथं दम खा. चल."

आणि त्या पाय मारायला लागल्या. खरोखरचे. सायकल एकदम हलकी झाल्याचं मला जाणवलं, आणि माझं नाम पुन्हा पायडलला लागलं. पुढचा सगळा चढ वन्सं बोलत होत्या. पुलाचे कठडे हिरवे आहेत का? सिंगल, आता पिवळे. वरच्या वळणावर एक वाकडं झाड असायचं, आहे? डबल. आहे? हो? वन्सं एवढ्या खूश झाल्या, जसं नात्यातलं कुणी भेटलं. या वळणावर एकदा एक नवरदेव बसमधून उतरून पळून गेला होता. त्या वळणावर समोरून ट्रक आला की नेहमी आधी हॉर्न कड्यावर आपटतो, तेव्हा डावीकडे सरकून थांबायचं. रस्ता मी डोळ्यांनी पाहत होते आणि त्यांच्या तोंडून ऐकत होते, आणि खरं सांगते, ऐकलेला जास्त स्पष्ट होता.

बोगद्याच्या तोंडाशी मी सिंगल वाजवली. आत दिवे मिणमिणते होते. मला बोगद्याची नेहमीच भीती वाटते.

"बोगदा ना? गारव्यावरून कळलंच," वन्सं म्हणाल्या. "सरळ आहे, शेवटी थोडा डावीकडे वळतो. आणि ऐक, या दिवसांत बोगद्यातून बाहेर पडलं की सूर्य थेट डोळ्यांवर येतो. मी काळा चष्मा आतच चढवायची. तेव्हा बोगदा संपला की तुझा देव समोर उभा. जा, घाई करू नकोस. आहे तो तिथं."

आतून जाताना आमच्या श्वासांचा आवाज भिंतींवरून परत येत होता. शेवटचं डावं वळण घेतलं आणि समोर पांढरं लख्ख झालं. कड्याच्या वरून सूर्य सबंध बाहेर आला होता. डोळ्यांत पाणी आलं, ते उन्हानं की कशानं, देव जाणे. मी त्याचं नाव मोठ्यानं घेतलं. मग म्हटलं, "वन्सं, ऊन आलं."

"गालाला लागलं," त्या म्हणाल्या. "आता तोंड सुटलं ना? सांग बघू, खिंडीवर बर्फ आहे का ढग?"

खिंडीत दुपार कलली होती. तिथल्या चौकीवरच्या बाईनं आम्हाला पाणी दिलं आणि मऊ आवाजात म्हणाली, "तुमच्या मागे आता फक्त झाडूगाडी आहे. वेळेत पोचायचं तर उतारावर जरा पाय... म्हणजे हात सैल सोडावा लागेल."

हात सैल सोडणं मला जमत नाही. उतार आला की मी दोन्ही ब्रेक घट्ट धरून बसते. हे मागे बसून "अगं, पायी गेलो असतो तर लवकर पोचलो असतो" म्हणतात. पहिल्या दोन वळणांवर मी तेच केलं.

"वहिनी, वळणाच्या आत ब्रेक धरतेस," वन्संनी मागून सांगितलं. "आत शिरायच्या आधी धर. आत गेलीस की सोड. नजर कुठे आहे तुझी?"

"चाकासमोर."

"तिथं काय ठेवलंय? वळणाच्या पलीकडे बघ. मुंडी तिकडे फिरली की सायकल आपोआप जाते. आणि तिसरा ब्रेक माझ्याकडे आहे. तू वळ, वेग मी बघते."

मी बघितलं पलीकडे. सोडलं. सायकल वळणातून अशी गेली की जसं पुस्तकाचं पान उलटावं. पुढचं वळण, मग त्याच्या पुढचं. वन्सं मागून सांगत होत्या, आता लांब डावं, आता आखूड उजवं, आता सरळ, थोडी मोकळी जाऊ दे. आणि मला कळलं की त्या आता उलट्या बाजूला कलत नव्हत्या. माझ्याबरोबर कलत होत्या.

"भोंग्याला किती वेळ आहे गं?" त्यांनी विचारलं. सबंध दिवसात पहिल्यांदा.

"असंच गेलो तर पोचतो, वन्सं. थोडा वेळ हाताशी ठेवून पोचतो."

पायडलला जोर आला. हरायला निघालेली बाई जिंकायला लागली होती. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले, तेवढ्यात मागून, "थांब! सिंगल बेल, सिंगल! थांब."

मी थांबले. वन्संनी नाक वर केलं होतं.

"ब्रेक जळतोय. आपला आहे का बघते." त्यांनी वाकून तिसऱ्या ब्रेकच्या ड्रमजवळ, चाकातल्या लोखंडी डबीजवळ, तळहात नेला. "गरम आहे, पण जळका नाही. आपला नव्हे." मग कान डोंगराकडे लावला. वरच्या वळणावरून झाडूगाडी येत होती. मला नुसतं इंजिन ऐकू आलं. वन्संना आणखी काही ऐकू आलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला.

"गियर टाकलेलाच नाही त्यानं. नुसत्या ब्रेकवर उतरवतोय सगळा घाट. वहिनी, तिला थांबव. जशी जमेल तशी."

मी अंगातलं लाल जाकीट काढून हलवत रस्त्याच्या कडेला उभी राहिले. मिनीबस आमच्यापाशी हळू झाली, थोडी पुढे घसरली आणि कशीबशी थांबली. चाकांतून निळसर धूर येत होता. छतावर सायकलींची रास, आत थकलेले सायकलवाले माना टाकून बसलेले. ड्रायव्हर चांगला पोक्त माणूस होता.

"काय ताई, दमलात?" त्यानं खिडकीतून विचारलं. "छतावर जागा नाही, सायकल मागाहून आणू. तुम्ही बसा."

"चाकांना दगड लाव आधी," वन्सं म्हणाल्या. "मग बोल. ब्रेकचं पेडल खाली जातंय का?"

त्यानं खाली पायाकडे पाहिलं.

"जातंय की नाही?"

"थोडं जातंय," तो हळूच म्हणाला. "मागच्या दोनतीन वळणांपासून."

आतली एक बाई ताडकन उठली. "म्हणजे काय? ब्रेक गेलेत?"

"गेले नाहीत. तापलेत," वन्सं म्हणाल्या. "सगळे खाली उतरा, पाय मोकळे करा." एक गडी बाटली घेऊन चाकाकडे निघाला. झाकण फिरवल्याचा आवाज ऐकताच वन्सं कडाडल्या, "पाणी ओतू नकोस! तापल्या ड्रमवर पाणी पडलं तर तडा जाईल. पिऊन टाक ते."

ड्रायव्हर दगड लावून आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्यानं वन्संच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे.

"यांना दिसत..."

"नाही दिसत," वन्सं म्हणाल्या. "वास येतो. कुठला तू? घाटात कधी घातली होतीस गाडी?"

"मी सपाटीवरचा, ताई. शाळेची बस चालवतो. नेहमीचा ड्रायव्हर आजारी पडला म्हणून आज मला पाठवलं. चढताना काही वाटलं नाही."

"चढताना कुणालाच काही वाटत नाही. चढताना कुठल्या गियरला होतास?"

"दुसऱ्या."

"मग उतरतानाही दुसऱ्याच. इंजिनला धरू दे गाडी. ब्रेक फक्त वळणाआधी, दाबायचा आणि सोडायचा, त्यावर पाय ठेवून बसायचं नाही. बस आता. निवू दे."

आम्ही बसलो. धूर विरळ होत गेला. तळं खाली दिसत होतं, चांदीच्या ताटलीएवढं. मी घड्याळ पाहिलं आणि राहवलं नाही.

"वन्सं, आपण निघालो तर अजून पोचतो."

"माहितीये."

ड्रायव्हरनं ते ऐकलं. "ताई," तो म्हणाला, "खालचा भाग आणखी तीव्र आहे म्हणतात. तुम्ही... जरा शेजारी बसाल का? नुसत्या. सांगायला."

गाडीत बसणं म्हणजे झाडूगाडीनं उचलणं. पहाटे त्यांना तेच हवं होतं. आणि आता, इतक्या जवळ आल्यावर, ते नको होतं, हे मला त्यांच्या गालावरून दिसत होतं. त्यांनी सायकलच्या मागच्या हँडलवरून एकदा हात फिरवला, तिसऱ्या ब्रेकची कांडी दाबून सोडली.

"वहिनी, एकटी उतरवशील?"

मला भीती वाटत होती, आणि मी खोटं बोलत नाही. "भीती वाटते," मी म्हटलं. "पण उतरवीन."

"वळणाआधी धर, आत सोड, पलीकडे बघ. आम्ही तुझ्या मागेच आहोत." मग त्यांनी हात पुढे केला. "चल रे शाळेच्या बसवाल्या, दार कुठे आहे तुझं?"

मी पुढे निघाले. मागची सीट रिकामी, तिथला ब्रेक माझ्या हाताला न पोचणारा, आणि सायकल मोकळी, लांब. नाम सुरू केलं. वळणाआधी धरलं, आत सोडलं, पलीकडे पाहिलं. वरून मिनीबसचा आवाज येत होता आणि तो आता वेगळा होता, खोल, दबका, एखादा मोठा प्राणी पायरी पायरी जपून उतरावा तसा. तो आवाज ऐकत मी उतरत होते. शेवटच्या दोन वळणांच्या वर असताना तळ्यावरून भोंगा झाला. लांबलचक. मी नाम तोडलं नाही.

हे तळ्यापाशी काठीवर टेकून उभे होते. फेरी संपल्याची कमान खाली उतरवायला माणसं शिडीवर चढलेली. ह्यांनी मला पाहिलं, हसले, आणि मग मागची सीट पाहिली. काठी हातातून गळाली.

"ताई?"

"मागून येतायत," मी ओरडले. "सुखरूप आहेत! सुखरूप आहेत हो!"

मिनीबस दुसऱ्या गियरमध्ये गुरगुरत आली आणि अंगणात पाट मांडावा तशी अलगद थांबली. ड्रायव्हर धावत दुसऱ्या बाजूनं दार उघडायला गेला. "मला सापडतं दार," आतून वन्संचा आवाज आला. त्या उतरल्या त्या बोलतच, "शेवटच्या वळणाला पुन्हा पाय ठेवून बसला होतास, मला कळलं नाही असं समजू नकोस." आतून उतरणारे लोक त्यांच्या हाताला हात लावून जात होते.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. कौतुक वाटलं, पण चेहरा पडला. "म्हणजे गाडीनंच उचललं तुला," म्हणाले. "ठीक आहे, ताई. पैज म्हणजे पैज. मी आता डेपोचं नाव काढणार नाही."

"मुळीच काढू नकोस," वन्सं म्हणाल्या. चहाचा कागदी कप दोन्ही हातांत धरून त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "वहिनी, उद्या कारखान्यात जायच्या आधी मला डेपोवर सोडशील?"

"ताई! म्हणजे तू डेपो..."

"छोट्या, तू गप्प बस. तुला नाव काढायचं नाही असं ठरलंय."

सोमवारी आम्ही पहाटे निघालो. पाय दोघींचेही ठणकत होते. वन्संचा एक हात माझ्या कोपराशी, दुसऱ्यात काठी, जुना खाकी कोट अंगात, केस चापून बसवलेले. वाटभर त्या बोलत होत्या आणि मी गप्प. डेपोच्या फाटकाशी आलो. आत बसगाड्या गरम होत होत्या, डिझेलचा वास, कुणी पाइपनं काचा धुतोय. कोपऱ्यात नव्या तुकडीचे ड्रायव्हर हात खिशात घालून उभे. वन्सं थांबल्या. कोपरावरची बोटं घट्ट झाली.

"वहिनी," त्या हळूच म्हणाल्या. "हसतील गं. परत जाऊ या का?"

सूर्य वर यायचा होता. पिशवीत डब्याशेजारी सायकलची घंटी होती. रात्री मी ती हँडलवरून सोडवून ठेवली होती. मी ती काढली आणि दोनदा वाजवली.

काचा धुणारा माणूस वळून बघायला लागला. वन्संनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "आगाऊ," म्हणाल्या, आणि काठीनं फाटकाची चौकट शोधून आत गेल्या.

मी तिथंच उभी राहिले. धुलाईच्या शेडमागून सूर्य वर आला, मी नाव घेतलं आणि कारखान्याच्या वाटेला लागले. मागे कुठल्यातरी बसचं इंजिन सुरू झालं. त्यावरून वन्संचा आवाज आला, "हे काय, क्लचवर पाय ठेवून उभा आहेस?"